रात्रीचं पाणी आणि चीनचे जुने कवी



आठ दिवस झाले, पोस्ट नाही. दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना. बरी आहे. लाईट रात्रीची आहे, दुसरं काही नाही. या आठवड्यात आमच्याकडं थ्री फेज रात्री साडेअकराला येते आणि सकाळी साडेसातला जाते. गहू पोटरीत आलाय, हे पाणी चुकवून चालत नाही. म्हणून रात्रभर दारं धरायची, सकाळी दोन तास डोळा लावायचा, मग धारा, वैरण, डेअरी. लिहायला हात मोकळा नव्हता.

आज गव्हाबद्दल थोडंच लिहितो. आज जे लिहिणार आहे ते वाचून काहीजण म्हणतील, अण्णांचं डोकं थंडीनं फिरलं. फिरू द्या.

झालं असं. गेल्या महिन्यात वरच्या मळ्यात बिबट्याचे ठसे दिसले. तेव्हापासून घरच्यांनी नियम काढला की रात्री पाण्यावर असताना फोन स्पीकरवर ठेवायचा आणि मोठ्यानं बोलत राहायचं. बिबट्या आवाजाला बुजतो म्हणे. आता रात्री एकला कोण बोलणार माझ्याशी? पोरगी पुण्याला शिकते, अभ्यासाला जागी असते, तिच्यावर काम आलं. पण बाप आणि लेक बोलून बोलून किती बोलणार? जेवलीस का, जेवले. थंडी आहे का, आहे. दहा मिनिटांत विषय संपले. मग ती म्हणाली, "अण्णा, मी माझा धडा मोठ्यानं वाचते. आधी चिनीत वाचते, मग मराठीत सांगते. तुम्ही हूं हूं करा."

ती चिनी भाषा शिकते. तिनं हा विषय घेतला तेव्हा मी तिला बोललो होतो. म्हणलं, बँकेची परीक्षा दे, तलाठ्याची दे, चिनी शिकून काय चायना मोबाईल विकणार का. ते तिच्या लक्षात आहे, माझ्याही आहे. त्यामुळं ती वाचते म्हणाली तेव्हा मी लगेच हो म्हणलं.

तर अशी आमच्या गव्हात चीनची हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची कविता आली. गंमत बघा, बिबट्या पळवायला आवाज पाहिजे म्हणून जे वाचलं जात होतं, ते सगळं शांततेबद्दल होतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती सगळ्या बोलण्याच्या खाली होती. रस्त्याकडचं दीड एकर. प्लॉटिंगवाली पार्टी दोनदा येऊन गेली. कर्ज आणि पोरीची पुढची दोन वर्षं, दोन्ही त्यात बसतंय. संक्रांत झाली की सांगतो, असं मी म्हणून बसलोय. फोनवर हा विषय मी काढत नव्हतो आणि तीही काढत नव्हती.

पहिली कविता तिनं वाचली ती वांग वेई नावाच्या माणसाची. तांग घराण्याच्या राज्यातला कवी, चित्रं पण काढायचा. इसवी सन 700 च्या आसपास जन्मला, 761 ला गेला. म्हणजे आपल्या ज्ञानोबा माउलींच्या पाचशे वर्षं आधी. आणि कविता केवढी? वीस अक्षरं. पाच-पाच अक्षरांच्या चार ओळी. तिनं वाचेपर्यंत मी एक वाफा फोडून दुसऱ्याला पाणी लावलं नव्हतं तोवर संपली. त्यात काय, तर एक सुनसान डोंगर आहे, तिथं कुणाचं तरी बोलणं ऐकू येतं पण माणूस दिसत नाही, आणि झाडीत शिरलेलं ऊन शेवाळावर पडतं. मी विचारलं, पुढं? ती म्हणाली, पुढं काही नाही अण्णा.

"हा माणूस करायचा काय?"

"दरबारात अधिकारी होता. राजधानी चांगआन, आता तिला शिआन म्हणतात. तिथून आग्नेयेला लांतियानच्या डोंगरात, वांग नदीच्या खोऱ्यात त्याची जागा होती. तिथं सुट्टीला जायचा. पेई दी म्हणून मित्र होता. दोघांनी मिळून त्या खोऱ्यातली वीस ठिकाणं निवडली आणि प्रत्येकानं वीस कविता केल्या."

म्हणलं, म्हणजे फार्म हाऊस.

खरं सांगतो, मला रागच आला. आमच्या शिवारात पण दोन फार्म हाऊस झालीत. शनिवारी गाड्या येतात. झोपाळ्यावर बसून म्हणतात, काय शांतता आहे हो तुमच्याकडं! चांगली माणसं आहेत, मला चहाला बोलवतात, वाकडं बोलायचं कारण नाही. पण त्यांना कसं सांगू की पंधरा वर्षांपूर्वी इथं एवढी शांतता नव्हती. बैलांच्या घुंगरांचा आवाज होता, मोटेवरची गाणी माझ्या वडिलांच्या तोंडात होती, सुगीला चार खळ्यांवर चार पंगती बसायच्या. बैल गेले, पोरं पुण्या-मुंबईला गेली, तेव्हा ही शांतता आली. माझ्या गोठ्यात आता दोन जर्सी गाया आहेत, पण बैलांची दावण दोन वर्षं रिकामी आहे. ती बाजू मी बघत नाही. असली शांतता कुणी कवितेत घालून मला ऐकवली तर मी काय म्हणणार?

पोरगी काही बोलली नाही. चिनी वाचत राहिली.

मग दोन वाजता लाईट गेली.

ज्यांनी रात्री पाणी दिलंय त्यांना हे सांगायला नको. मोटर चालू असताना तिचा आवाज आपल्याला ऐकूच येत नसतो, कान त्याला सरावलेले असतात. ती बंद पडली की एकदम कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं होतं. आधी काहीच नाही. मग पाईपातलं पाणी मागं उतरताना गुरगुरतं. मग पाट आटताना माती पाणी पिते, त्याचा बारीक चुरचुर आवाज. मग लांब टिटवी. आणि मग पलीकडच्या ओढ्याच्या अंगाला, अर्धा मैल असेल, दोन माणसं बोलत होती. तेही पाण्यावर असणार. काय बोलत होते कळत नव्हतं, कोण होते तेही कळत नव्हतं. बॅटरी नाही, विडीची ठिणगी नाही. नुसतं बोलणं.

मी खोरं टेकवून उभा राहिलो. हे मला नवीन नव्हतं, तीस वर्षं हे ऐकतोय. पण ते बोलणं कानावर आलं म्हणून मला कळलं की बाकी केवढं सामसूम आहे. आवाजच नसता तर शांतता मोजायची कशानं? मोठ्या विहिरीत खडा टाकल्याशिवाय खोली कळत नाही, तसं. फार्म हाऊसवाला असो नाहीतर कुणी, पण त्या माणसानं कान देऊन ऐकलं होतं, हे मला मानावं लागलं. झोपाळ्यावर बसून ते लिहिता येत नाही.

स्पीकरमधून आवाज आला, "अण्णा? अण्णा, बोला ना. काय झालं?"

म्हणलं, "लाईट गेली. तुझा तो डोंगर ऐकतोय."

त्या रात्रीनंतर मी प्रश्न विचारायला लागलो. तिनं एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. त्या कवितेत 'मी' कुठंच नाही. चिनीत तसं चालतं. आपणही बोलताना 'मी' गाळतो, "पाटावर गेलो, पाणी तोडलं", पण आपल्याकडं गेलो म्हणलं की कोण गेलं ते क्रियापद सांगून टाकतं. गेलो का गेली, तेही सांगतं. चिनीत क्रियापद तेवढंही सांगत नाही. काल का आज, एक का अनेक, तेही नाही. त्यामुळं डोंगर बघणारा माणूस कवितेत शोधून सापडत नाही. ऊन आहे, शेवाळ आहे, बघणारा आहे पण पुसला गेलेला आहे.

अक्षरांच्या पण गमती सांगते ती. जुन्या लिखाणात दाराची चौकट काढून तिच्यात चंद्र काढतात, त्याचा अर्थ सवड, निवांतपणा. बरोबर आहे. दारातून चंद्र दिसायचा तर माणूस उंबऱ्यात बसलेला पाहिजे, कामात असून भागत नाही. दुसरं ऐका. उभं पीक आणि शेजारी आग, असं मिळून होतं शरद, म्हणजे सुगीचा ऋतू. आणि त्या सुगीच्या खाली काळीज काढलं की होते काळजी. मी म्हणलं, हे अक्षर काढणारा नक्की शेतकरी असणार. पीक हाताशी आलं की काळजी काळजावर बसते, हे शहरातल्या माणसाला सुचायचं नाही. ती म्हणाली, अण्णा, अक्षरं अशी नुसती चित्रं जोडून होत नाहीत, त्यात उच्चाराचा पण भाग असतो. असू दे. मला पटलं ते पटलं.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहितोय तो माणूस. ताओ युआनमिंग. वांग वेईच्याही तीनशे वर्षं आधीचा. आजच्या जियांगशी प्रांतात लूशान नावाचा मोठा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याला त्याचं गाव. पुढच्या बऱ्याच निसर्गकवींवर याची छाप पडली, वांग वेईवर सुद्धा.

हा पेंगझ नावाच्या ठिकाणी आपल्या तहसीलदारासारख्या जागेवर होता. साल 405. त्याच्या चरित्रात लिहिलंय की सरकारी जमिनीत सगळा दारूचा चिकट तांदूळ लावा म्हणाला. बायको म्हणाली, खायचा तांदूळ पण लावा. मग थोडा तोही लावला. (बायको कुठल्याही देशातली असो.) नोकरी ऐंशीएक दिवस टिकली. वरून तपासणीला साहेब येणार होते, हाताखालचे म्हणाले कंबरपट्टा बांधून नीट पोशाखात सामोरं जा. हा म्हणाला, पाच माप तांदळासाठी मी असल्यापुढं कमरेत वाकणार नाही. राजीनामा दिला आणि घरी आला. त्यानं स्वतः मात्र वेगळंच कारण लिहिलंय, की बहीण वारली म्हणून निघालो. दोन्ही खरं असेल. माणूस नोकरी सोडतो तेव्हा एकच कारण कुठं असतं.

आल्यावर त्यानं शेती केली. फार्म हाऊस नाही, शेती. डोंगराखाली शेंगांचं पीक लावलं, तण जोमात आणि पीक विरळ. पहाटे तण काढायला जायचा ते चंद्र उगवल्यावर कुदळ खांद्यावर टाकून यायचा, दवानं कपडे भिजायचे. कवितेतच आहे हे. पोरगी हे सांगत होती आणि मला हसू आवरत नव्हतं. आपण सोयाबीन पेरतो ना, ते मूळ चीनचंच पीक. यंदा सततच्या पावसात माझ्या सोयाबीनची जी गत झाली, ज्याचा फोटो मी ऑगस्टमध्ये इथं टाकला होता, तीच गत सोळाशे वर्षांपूर्वी त्याच्या पिकाची. आणि त्यानं ती लपवली नाही! शेतावर कविता करणाऱ्यांच्या कवितेत पीक नेहमी डोलत असतं. माझं तर फार कमी वेळा डोलतं.

त्याच्या एका कवितेचं नाव काय माहितीय? अमुक साली, नवव्या महिन्यात, पश्चिमेच्या शेतात लवकरचा तांदूळ कापला. बस. साल 410. म्हणजे ही आपल्यासारखीच नोंद झाली की! तारीख, रान, पीक. मी वहीत असंच लिहितो.

408 साली त्याचं घर जळालं. ऐन उन्हाळ्यात आग लागली, काही शिल्लक राहिलं नाही, बिऱ्हाड होडीत करावं लागलं. तेही लिहिलंय. दुष्काळ, कीड, वादळ यांत घरापुरतंही पिकलं नाही, हेही लिहिलंय. भुकेपोटी दुसऱ्याच्या दारात गेलो आणि काय बोलावं सुचेना, अशी पण एक कविता आहे. पोरीनं ती सांगितली तेव्हा मी पाणी तोडायचं विसरलो, वाफा भरून पलीकडं गेला.

आणि ह्याच माणसाची शांततेची सगळ्यात प्रसिद्ध कविता. त्यात तो सांगतो की घर माझं माणसांतच आहे, पण गाड्याघोड्यांचा गलका मला येत नाही. कसं काय, तर मन लांब गेलं की जागा आपोआप लांब होते. मग कुंपणाशी शेवंतीची फुलं तोडताना त्याला समोरचा डोंगर दिसतो, संध्याकाळची हवा, पाखरं परत निघालेली. यात काहीतरी खरं आहे, म्हणतो, सांगायला गेलो तर शब्द आठवत नाहीत.

मला वाटत होतं चीनचे हे लोक जंगलात, गुहेत जाऊन बसायचे. हा तर गावात राहिला. बायको, पाच पोरं, कर्जपाणी, शेजारी, दारू. त्यातच कुंपणापाशी अर्धा मिनिट मान वर झाली आणि डोंगर दिसला. डोंगर बघायला म्हणून तो गेलाच नव्हता. माझंही तसंच आहे. मी कधी सूर्योदय बघायला म्हणून उठलो नाही. पण सकाळी सात वाजता शेवटच्या वाफ्याला पाणी लावून कंबर सरळ करताना पूर्वेला जे दिसतं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं काय? लोक म्हणतील, हे रोजचंच आहे.

त्याच्याकडं म्हणे एक वाद्य होतं, त्याला तारा नव्हत्या. दारू पिऊन मजेत आला की त्यावरून हात फिरवायचा. हे पण चरित्रात आहे. यावर मी काही बोलत नाही, ज्याला कळलं त्याला कळलं.

चौथ्या रात्री थंडी फार होती. पोरीनं बर्फाची कविता काढली. लिऊ झोंगयुआन, जन्म 773, मृत्यू 819. ही पण वीसच अक्षरं. एवढ्या डोंगरांत एक पाखरू नाही, वाटांवर पाऊल नाही, आणि नदीत एका होडीत गवताचं इरलं पांघरलेला म्हातारा बर्फात गळ टाकून बसलाय. मी म्हणलं, बर्फात मासा लागतो का? ती म्हणाली, मासा लागत नाही अण्णा, याला हद्दपार केलं होतं. दरबारात सुधारणा करायला गेले ते लोक हरले, 805 साली याला दक्षिणेला योंगझौला पाठवलं. बरोबर म्हातारी आई होती, ती वर्षभरात तिथं वारली. दहा वर्षं ठेवला. मग बोलावला आणि त्याच्याही पुढं लांब पाठवून दिला, तिथंच गेला.

मी गप्प. हे आता शेवाळावरचं ऊन नव्हतं. ज्याच्याकडं कुणी येत नाही, ज्याला कुठं जायचं नाही, त्याची शांतता होती ती. माझ्या रिकाम्या दावणीसारखी. याला ती दिसली आणि त्यानं तोंड फिरवलं नाही, एवढंच माझ्या ध्यानात राहिलं.

याच लिऊनं एका माळ्याची गोष्ट लिहिली आहे, ती कविता नाही पण मी तुम्हाला सांगणारच. गुओ नावाचा माणूस, पाठीला कुबड, म्हणून लोक त्याला उंट म्हणायचे. तो म्हणायचा, नाव बरोबर ठेवलंय. हा झाड लावायचा ते कधी मरायचं नाही, फळ लवकर आणि भरपूर. लोकांनी विचारलं, तुझी युक्ती काय? म्हणाला, मी काही करत नाही. मुळं पसरू देतो, माती सपाट भरतो, मूळची जुनी माती बरोबर ठेवतो, नीट दाबतो. लावताना पोरासारखं जपतो, आणि लावून झालं की टाकून दिल्यासारखा निघून जातो, मागं वळून बघत नाही. बाकीचे लोक फार माया करतात. सकाळी बघतात, संध्याकाळी हात लावतात, जिवंत आहे का बघायला साल नखानं खरवडतात, घट्ट आहे का बघायला झाड हलवतात. माया म्हणतात, पण ते वैर आहे.

पुढं तो म्हणतो, आमचे अधिकारीही असेच. सकाळ-संध्याकाळ माणूस पाठवून ओरडतात, नांगरा, पेरा, कापणी उरका, सूत काता, पोरं नीट वाढवा, कोंबड्या-डुकरं सांभाळा. ढोल वाजवून लोकांना गोळा करतात. आम्ही त्यांना जेवायला घालण्यातच दमतो, शेती कधी करायची? मंडळी, माझ्या मोबाईलवर रोज किती मेसेज येतात तुम्हाला माहीत आहे. जास्त बोलत नाही.

पण हसून झाल्यावर मला माझा डाळिंबाचा प्लॉट आठवला. 2011 ला लावला होता. दर दोन दिवसांनी काहीतरी मारायचो, दुकानदार जे देईल ते. वडील तेव्हा होते. बांधावर बसून म्हणायचे, अरे त्याला जरा गप बसू दे की. मी ऐकलं नाही. तेल्यानं तो प्लॉट गेला हे खरं, फवारणी कमी केली असती तर वाचला असता असं मी म्हणत नाही. पण गप बसू दे, हे त्यांचं बोलणं मला त्या रात्री पाण्यात उभं असताना पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

पोरीच्या बाबतीत पण मी असाच साल खरवडत होतो का, असं मनात आलं. ते तिला बोललो नाही.

शेवटच्या रात्री म्हणलं, पहिल्याचं काय झालं ते सांग. वांग वेईचं. मी त्याला फार्म हाऊसवाला म्हणलो होतो, ते मनाला लागून राहिलं होतं.

तिनं सांगितलं. तिशीच्या सुमाराला त्याची बायको वारली, त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. 755 ला आन लूशान नावाच्या सरदारानं मोठं बंड केलं, आठ वर्षं चाललं. 756 ला राजधानी पडली आणि हा बंडखोरांच्या हातात सापडला. त्यांची नोकरी नको म्हणून यानं औषध घेऊन आजार आणला आणि मुका झाल्याचं सोंग केलं. तरी त्यांनी धरून नेलं आणि पद दिलंच. कैदेत असताना लपून एक कविता केली होती. पुढं राजा परत आल्यावर फितुरीचा आरोप आला तेव्हा ती कविता आणि धाकट्या भावाची रदबदली, यांनी तो वाचला. भाऊ म्हणाला होता, माझं पद घ्या, याला सोडा. आणि ती नदीकाठची जागा? आई गेल्यावर त्यानं ती मठाला देऊन टाकायची परवानगी मागितली. आई बुद्धाची भक्त होती.

म्हणजे ज्या माणसाला मी झोपाळ्यावर बसवलं होतं, तो एवढं सोसून बसला होता. कान असा उगाच तयार होत नाही.

"अजून एक," ती म्हणाली, "वेई आणि मोजिये ही त्याची दोन नावं जोडली की होतं वेईमोजिये. ते आपल्याकडचं नाव आहे. विमलकीर्ती. वैशालीचा, बिहारमधला. बौद्ध ग्रंथात येतो. भिक्षू नव्हता, बायकापोरांत राहणारा संसारी माणूस. सगळ्यांनी आपापलं ज्ञान सांगितलं आणि शेवटी त्याची पाळी आली तेव्हा तो काहीच बोलला नाही. तेच त्याचं उत्तर."

साडेचार वाजले असतील. रस्त्याकडच्या त्याच दीड एकरात होतो मी. पाणी तुंबत-तुंबत शेवटच्या सरीला चाललं होतं. कसं तोंडातून निघालं माहीत नाही, म्हणलं, "तुझा तो ताओ नोकरी सोडून परत आला. पण त्याला यायला शेत होतं म्हणून आला. नसतं तर कुठं गेला असता?"

ती गप्प.

मी म्हणलं, "तू आता ऐंशी दिवसांत नोकरी सोडू नको म्हणजे झालं."

हसली. मग म्हणाली, "अण्णा, त्या ताओनं पोरांवर पण एक कविता केलीय. पाच पोरं, एकालाही कागद-कुंचला आवडत नाही, म्हणून रडतो. तुमचं उलटं झालं."

उलटं झालं हे खरंच आहे. तिला कागद आवडतो, आणि कुदळ धरायला माझ्यामागं कुणी नाही. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून पुढं कुणीच बोललं नाही. बिबट्याचा नियम मोडला. मी खोऱ्यावर रेलून उभा, फोन बांधावर ठेवलेला, पाणी चाललंय. दहा मिनिटं गेली असतील, जास्तच. मला वाटलं ती झोपली. फोन बंद करायला वाकलो तर आतून आवाज आला,

"ठेवू नका अण्णा. पाण्याचा आवाज येतोय."

मग साडेसातला लाईट जाईपर्यंत फोन तसाच बांधावर चालू होता.

पार्टीला मी अजून काही कळवलेलं नाही. गव्हावर कुठंकुठं मावा दिसतोय, फोटो खाली टाकलाय, जाणकारांनी बघून सांगावं. फवारायची घाई करत नाही, ढालकिडे पण आलेत, दोन दिवस बघतो. आज शेवटची रात्रपाळी, सोमवारपासून लाईट दिवसाची.